रविवारच्या ताम्हिणीतल्या कीटक-फोटोग्राफी फेरीबद्दल सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी पहाटे ५ वाजता नेहमीच्या ठिकाणी जमायचं आहे. उशीर करू नका, कारण ऊन चढायच्या आतच खरं काम असतं. गारठलेले चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण सडपातळ किडे) गवताच्या पात्याला चिकटून असतात, पंखांवर दव असतं. अंग तापेपर्यंत त्यांना उडता येत नाही. तेवढाच वेळ आपला.

१:१ ला (म्हणजे किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा) लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं लहान ठेवलं तरी जेमतेम एक-दीड मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. म्हणून फोकस डोळ्यावर, आणि कॅमेरा शरीराला समांतर धरा. फ्लॅशला डिफ्युझर (प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) हवाच, नाहीतर भुंगेऱ्याच्या पाठीवर नुसता पांढरा डाग येतो.

आता कळकळीचं. गेल्या फेरीत फोटोला आड येते म्हणून एक फांदी मोडली गेली. तिच्यावर फुलपाखराचा कोष होता. मला ते अजून बोचतं. फांद्या मोडू नका, किड्यांवर पाणी फवारू नका, त्यांना उचलून दुसऱ्या पानावर ठेवू नका. फोटो हुकला तरी चालेल.

पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पानं शिवून केलेलं मुंग्यांचं घरटं दिसलं तर लांबूनच टिपा, कडाडून चावतात. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवावं.