जॉनी फाइव्हच्या मागची माणसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या विनोदी चित्रपटांवर जो लेख आला, त्यात १९८६ सालच्या 'शॉर्ट सर्किट'मधील जॉनी फाइव्ह या यंत्रमानवाचा आवाज चित्रीकरणानंतर स्टुडिओत भरल्याचे म्हटले आहे. ते खरे नाही, आणि ही चूक किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखीही नाही. तो आवाज टिम ब्लेनी या बाहुलीकाराचा असून, चित्रीकरण चालू असतानाच ते संवाद म्हणत, त्यामुळे समोर उभ्या असलेल्या ॲली शीडी या नायिकेला मुक्या यंत्राशी नव्हे, तर उत्तर देणाऱ्या सोबत्याशी बोलता आले. त्या यंत्राचे रूप सिड मीड यांनी रेखाटले आणि एरिक अलार्ड यांच्या कारागिरांनी ते उभे केले. त्याचे हात माणसासारखे हलतात, कारण काही प्रसंगांत एक माणूस अंगावर हालचाली टिपणारा सांगाडा चढवून स्वतःचे हात हलवी आणि त्या हालचाली जशाच्या तशा यंत्रात उतरत.

त्याच लेखात या चित्रपटातील बेन या भारतीय शास्त्रज्ञाचे कौतुक आहे. ती भूमिका करणारे फिशर स्टीव्हन्स हे गोरे अमेरिकन नट. चेहरा सावळा रंगवून त्यांनी ती केली. हे सांगितल्यावाचून ते कौतुक आम्हा भारतीय वाचकांपुढे ठेवायला नको होते.

मी हे इतक्या आग्रहाने लिहितो त्याला कारण आहे. आमच्या इंदूरला अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणी कामगारांच्या झांक्या, म्हणजे हलत्या देखाव्यांचे चित्ररथ, निघतात. माझे वडील गिरणीत जोडारी होते. झांकीतला हत्ती सोंड उचलून हार घालू लागला की रस्त्याच्या दुतर्फा टाळ्या पडत, आणि वडील त्या वेळी हत्तीच्या पोटात उकिडवे बसून सायकलच्या चाकावरून घेतलेली दोरी ओढत असत. पहाटे घरी आले की त्यांच्या तळहातांवर दोरीचे लाल वळ आणि ग्रीसचा वास असे. हत्ती आपोआप हलतो, असे कोणी म्हटले की ते गप्प राहत. मला मात्र फार वाईट वाटे.

म्हणून पुढील रविवारी, आवाजाविषयीच्या दुरुस्तीसह, ब्लेनी, मीड आणि अलार्ड ही तीन नावे पुरवणीत छापावीत, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक
रामबाग, इंदूर