बाजारभावाच्या रकान्यात ब्राझीलचा पाऊसही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीनचा भाव पडला की आपल्या बातमीत कारण ठरलेलं असतं : 'आवक वाढल्याने'. म्हणजे दोष आमच्या ट्रॉल्यांचा. मी औसा तालुक्यात चार एकर सोयाबीन घेतो, म्हणून हे पत्र.

2022 च्या खरिपाची गोष्ट. आदल्या वर्षी ज्यांनी माल दाबून ठेवला, त्यांना क्विंटलला सात हजारांच्या वर भाव सापडला होता. ते बघून मीही तीस कट्टे (पोती) घरात लावले. अर्जेंटिनात दुष्काळ पडल्याचं कानावर आलं, तेव्हा तर पोराला म्हटलं, अजून थांब. अर्जेंटिनाचं पीक खरंच निम्म्याजवळ आलं. पण शेजारच्या ब्राझीलला विक्रमी पिकलं आणि फेब्रुवारी-मार्चात त्यांची काढणी झाली. दिवाळीला साडेपाच हजारांनी मागितलेला माझा माल उन्हाळ्यात पाच हजारांच्या आत गेला. उंदरांनी खाल्लं ते वेगळंच. आमच्या पारावर ब्राझीलचं नाव तोवर फक्त फुटबॉलपुरतं होतं.

दाण्यात तेल अठरा-वीस टक्के, बाकी बहुतेक पेंड. भाव या दोन्हींवर ठरतो. आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलचं. मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं, तेही पेरणीच्या तोंडावर! पेंडेला मका-तांदळापासून इथेनॉल करताना उरणारा स्वस्त चोथा, म्हणजे डीडीजीएस, आडवा आला. कोंबडीखाद्यवाले तिकडं वळणारच, त्यांना तरी काय बोलणार.

उरला आमचा पाऊस. सप्टेंबर 2025 मध्ये शेतात गुडघाभर पाणी होतं. बनीम (कापलेल्या सोयाबीनचा ढीग) उघडली तर आतून वाफ आली. आडत्यानं एक दाणा दाताखाली धरला. कट्ट वाजायच्या ऐवजी तो चेपला. मशीननं ओलावा 17 टक्के दाखवला. त्या हंगामात हमीभाव 5,328 होता, पण ओलावा 12 च्या आत पाहिजे होता. अंगणात ताडपत्री टाकावी तर रोज संध्याकाळी आभाळ. शेवटी 4,050 च्या भावाची पट्टी (विक्रीची पावती) घेऊन घरी आलो. हमाली-तोलाई त्यातूनच गेली.

माझी मागणी छोटी आहे. लातूरच्या भावाखाली रोज चार ओळी छापा : शिकागोच्या वायदेबाजारातला सोयाबीनचा भाव, मलेशियाचं पामतेल, पेंडेचा दर आणि डिसेंबर-जानेवारीत ब्राझील-अर्जेंटिनात पाऊस कसा आहे ते. राशिभविष्याचा रकाना थोडा आखडला तरी आमची तक्रार नाही. व्यापाऱ्याच्या मोबाइलवर हे सगळं सकाळी सौद्याच्या आधी आलेलं असतं. आम्हाला ते पट्टी हातात पडल्यावर कळतं.

पत्र्याच्या खोलीत अजून अकरा कट्टे आहेत. तेवढे विकायच्या आत सुरू केलंत तर बरं होईल.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक
ता. औसा, जि. लातूर