मोडलेल्या लग्नासाठी दिल्ली गाठायला लावू नका

महोदय,

घटस्फोटाच्या एखाद्या निकालाची बातमी आली की दोन-चार दिवसांत कोणी ना कोणी पक्षकार ती मोबाइलवर उघडून माझ्यासमोर धरतो. "मॅडम, सहा वर्षं वेगळं राहिलं की आता आपोआप होतो ना?" नाही होत. मोडलेले लग्न एवढ्याच कारणावर संपवण्याचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा, आपल्या कोर्टाचा नाही, हे ऐकून त्याचा चेहरा पडतो. बातम्यांत ही ओळ बहुधा सुटते. म्हणून हे पत्र.

१ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की, लग्न सावरण्यापलीकडे मोडले असेल तर सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली, म्हणजे पूर्ण न्याय करण्याच्या आपल्या खास अधिकारात, ते संपुष्टात आणू शकते, अगदी एका बाजूचा विरोध असला तरी. सहा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ वेगळे राहणे हा त्यातला विचारात घ्यायचा एक मुद्दा आहे. त्याच्या जोडीला दोघे एकत्र किती राहिले, आरोप कसले आहेत, तडजोडीचे प्रयत्न झाले का, मुलांचे काय, दोघांची आर्थिक परिस्थिती कशी, हेही पाहायचे आहे. शिवाय याच निकालात स्पष्ट केले आहे की यासाठी कोणी थेट सर्वोच्च न्यायालयात रिट अर्ज करू शकत नाही. म्हणजे आधी खालचे कोर्ट, मग अपिले, मग दिल्ली. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि आमच्या भागातल्या लोकांची मुंबईची खेप वाचली, याचा आनंद आहेच. पण अनुच्छेद १४२ चा अधिकार उच्च न्यायालयालाही नाही, त्यामुळे या बाबतीत कोल्हापूर काय आणि मुंबई काय, सारखेच.

मग खालच्या कोर्टात उरते काय? मुख्यतः क्रूरता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेवर मुळात घटस्फोट मिळतच नव्हता, फक्त न्यायिक विभक्तता, म्हणजे लग्न न मोडता वेगळे राहण्याची मुभा, मिळे. १९७६ च्या दुरुस्तीने ते कारण घटस्फोटाला लागू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, पुण्याच्या एका दाम्पत्याच्या खटल्यात न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी ठरवून दिले होते की नवराबायकोच्या दाव्यात फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा मागायचा नाही, कोणती बाजू अधिक संभवनीय आहे ते पाहायचे. पुढे न्यायालयांनी मानसिक क्रूरतेचा अर्थ वाढवत नेला. २६ एप्रिल २०२३ च्या निकालातले जोडपे जेमतेम चार वर्षे एकत्र राहिले होते आणि २५ वर्षे वेगळे. असे निव्वळ कागदावर उरलेले लग्न चालू ठेवणे हीच दोघांवर क्रूरता, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. माणुसकीचा निकाल आहे. पण कायद्यात जे कलम नाही ते न्यायाधीशांना क्रूरतेच्या कलमात बसवावे लागते, हेही त्यातून दिसते.

याची किंमत कोर्टात उभ्या राहणाऱ्या माणसाला मोजावी लागते. एखादा सरळ माणूस येतो आणि म्हणतो, "तिच्याबद्दल वाईट काही लिहू नका, आमचं जमलं नाही एवढंच." एवढ्यावर अर्ज टिकत नाही. मग तारीखवार प्रसंग शोधायचे. अमुक दिवाळीला न सांगता माहेरी गेली, तमुक दिवशी पाहुण्यांसमोर सासूला उलट बोलली. तिच्या लेखी कैफियतीत त्याची दारू येते, हात उगारणे येते. उलटतपासात तिला विचारतात की मुलाच्या बारशाला नवऱ्याशेजारी का बसला नाहीत, आणि ती बाई भरल्या कोर्टात रडते. अर्ज लिहिला तेव्हा दोघांत जेवढी कटुता नसते, तेवढी दुसऱ्या वर्षी असते. ज्यांचा खरोखर छळ झालेला असतो त्यांच्या तक्रारीही या गर्दीत फिक्या पडतात, याचे मला फार वाईट वाटते.

दोघांची संमती असेल तर वाट सोपी आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मध्ये, म्हणजे संमतीच्या घटस्फोटात, अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत बंधनकारक नाही, असे न्या. आदर्शकुमार गोयल आणि न्या. उदय लळित यांनी १२ सप्टेंबर २०१७ ला ठरवले. समेटाची आशा उरली नसेल, पोटगी आणि मुलांचा ताबा ठरला असेल आणि वेगळे राहून पुरेसा काळ गेला असेल, तर ती मुदत खालचे कोर्टही माफ करू शकते. पण संमती हुकूमनामा होईपर्यंत टिकावी लागते, हा १९९१ चा निकाल आहे. शेवटच्या तारखेला एकाने मान फिरवली की सगळे मुसळ केरात, आणि तेवढ्यासाठीही पैशांची घासाघीस चालते.

लग्न सावरण्यापलीकडे मोडले एवढ्यावर खालच्या कोर्टातही घटस्फोट देण्याची तरतूद आली तर नवरे बायकांना वाऱ्यावर सोडतील, असा आक्षेप घेतला जातो. तो मी हलका मानत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ८९ वर्षांच्या पतीला सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोट नाकारला, कारण ८२ वर्षांच्या पत्नीला घटस्फोटिता म्हणून मरायचे नव्हते. मला तो निकाल पटतो. पण या आक्षेपाचे उत्तर तयार मसुद्यात होते. विधी आयोगाने १९७८ च्या ७१व्या अहवालात आणि पुन्हा २००९ मध्ये हा आधार कायद्यात आणा असे सांगितले. त्यानंतरच्या विधेयकात तीन वर्षे वेगळे राहण्याची अट होती, गंभीर आर्थिक हाल होणार असतील तर पत्नीला विरोधाचा हक्क होता आणि तिला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून भरपाईही होती. ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने ते मंजूर केले. लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले.

ते विधेयक महाराष्ट्राच्या खासदारांनी, पक्ष कोणताही असो, पुन्हा मागून घ्यावे. पत्नीच्या विरोधाचे आणि मालमत्तेचे कलम त्यातून गाळले तर मात्र आमच्यासारखेच लोक त्याविरुद्ध उभे राहतील.

आपली,
एक वकील, मिरज (जि. सांगली)
(कृपया नाव छापू नये)