मागे माणूस असतो, म्हणून ब्रेक लागत नाही?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ३ दिवसांच्या भाड्यावर पाठवलेली चुकीची व्हीलचेअर आणि वर ऐकवलेलं शहाणपण

काल संध्याकाळी तुमच्या माणसाने फोन ठेवून दिल्यावर हे लिहीत आहे. धंदा तुमचा आहे, तेव्हा व्हीलचेअर म्हणजे काय हे सांगत बसत नाही.

मावशींना शनिवारी खोपोलीजवळच्या थीम पार्कला न्यायचं आहे. ऑर्डर देताना मोजून सांगितलं होतं: बसल्यावर रुंदी १६ इंच भरते, म्हणून सीट १८ इंची; मागची चाकं २४ इंची; आर्मरेस्ट वर उचलता येणारे; ढकलणाऱ्याच्या मुठीशी हँडब्रेक. आली ती १२ इंची चाकांची, आर्मरेस्ट वेल्डिंग केलेले, हँडब्रेक नाहीच. सीट मात्र १८ इंची आली, आभारी आहे.

"छोटी चाकं गाडीत मावतात," हे तुमचं पहिलं उत्तर. मान्य, सीएनजीच्या टाकीने अर्धी डिकी खाल्लेलीच असते. त्यासाठीच बटण दाबून निघणारी मोठी चाकं असतात, तुमच्याच कॅटलॉगमध्ये आहेत. १२ इंची चाक हॉस्पिटलच्या फरशीवर ठीक. पेव्हर ब्लॉकच्या खाचेत आणि गटाराच्या जाळीवर ते अडतं, खुर्ची जागीच थांबते आणि बसलेला माणूस पुढे जातो. आर्मरेस्ट उचलला जात नसेल तर राइडच्या सीटवर बाजूने सरकता येत नाही, दोघांनी काखेत हात घालून उचलावं लागतं. मावशींचं वजन ६८ किलो आहे, तेही ऑर्डरमध्ये लिहिलेलं आहे.

आता चाकांवरचे ब्रेक. डाव्या ब्रेकचा क्लॅम्प पाइपवर मागे सरकलाय. दांडा पूर्ण ढकलला तरी दट्ट्या टायरपासून ५ मिमी लांबच. बोल्ट सैल करून क्लॅम्प चाकाकडे घ्यायचा, दट्ट्या टायरमध्ये ३-४ मिमी रुतला की झालं. पण बोल्टचं डोकंच झिजून गोल झालंय, ॲलन की (षटकोनी पाना) आत नुसती फिरते. दोन्ही ब्रेक लावून खुर्ची एकदा ढकलून पाहायला १० सेकंद लागतात. तेवढीही गोदामात कुणाला मिळाली नाहीत.

हे सांगितल्यावर तुमचा माणूस म्हणतो, "मॅडम, ब्रेक कशाला? मागे माणूस असतोच ना धरायला." ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, या खेपेला सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं. मग, "पेशंट राइडमध्ये बसणारेत का? नाही ना?" बसणार आहेत, म्हटलं, आणि त्या पेशंट नाहीत, गुडघे गेलेत. त्यावर हसून: "मग घरीच बसू द्या की!" हसून. कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्ही आधीच बजावता, तेव्हा ते हसूही सापडेल. नंतर फोन होल्डवर, ११ मिनिटं सनई. परत येऊन तोडगा काय, तर "सीटवाला रोलेटर देतो, त्यावर बसवून ढकला."

रोलेटर म्हणजे धरून चालायचा चाकांचा वॉकर; त्याची सीट ब्रेक लावून दम खायला असते. त्यावर माणूस बसवून ढकललं तर पाय टेकवायला जागा नाही, ते फरपटतात, पुढचं चाक अडलं की सगळंच उलटतं. हे तुम्हाला मी सांगायचं?

आणि तो मागचा माणूस. बसलेल्या मावशी ६८, खुर्ची १६, मिळून ८४ किलो. १:१२ च्या (१२ फुटांत १ फूट चढ) रॅम्पवर ही खुर्ची सतत सुमारे ७ किलोच्या जोराने खाली ओढते. तिकीट काढायला, पाण्याची बाटली उघडायला ढकलणाऱ्याने हात सोडला की धरणार कोण? ब्रेक. जो लागत नाही.

शुक्रवारी दुपारी १२ पर्यंत सांगितलेली खुर्ची द्या, नाहीतर भाडं आणि अनामत पूर्ण परत करा. दोन्ही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंत तिथे फी नाही आणि तुमची अनामत अजून तेवढी झालेली नाही. पुण्यात तुमचं नाव मीच चार घरी सांगितलं होतं, ते आता मागे घेत आहे.

ऑर्डरची पावती आणि ब्रेकचे फोटो सोबत.

एक ग्राहक,
कोथरूड

ता. क. डाव्या फुटरेस्टला टाचेमागची पट्टी नाही. पाय मागे घसरला तर पुढच्या चाकात जातो. फोनवर हे सांगायचं राहिलं, सनई चालू होती.