बोंबाबोंब पाइपाची, पाणी अडतंय डीपीवर

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे, गाव अंबड तालुक्यातलं. गावात नळाला पाणी नाही म्हणून ग्रामसभेत सगळे एकच म्हणायले, पाइपलाइन सडलीय, नवी टाका. मला वाटलं आधी मोजून तर बघू. कंपनीत पॅरेटो चार्ट रोजचाच, कारणं मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत्या उभ्या पट्ट्यांत मांडायची अन् वरून बेरजेची टक्केवारीची रेघ ओढायची, झालं. पॅरेटो म्हणजे इटलीचा अर्थतज्ज्ञ, संपत्ती थोड्याच लोकांच्या हातात कशी एकवटते ते त्यानं मांडलं, पुढं क्वालिटीतले तज्ज्ञ जुरान यांनी तेच कारखान्यातल्या दोषांना लावलं, थोडीच कारणं बहुतेक नुकसान करतात म्हणून.

तर पाणी सोडणाऱ्या काकांच्या वहीतून फेब्रुवारी ते मे च्या नोंदी काढल्या. एकूण ३५ वेळा पाणी बंद, त्यात पाइप फुटला १९ वेळा. पट्टी पाइपाचीच सगळ्यात उंच, म्हणजे गावाचंच खरं की! काका चार्ट बघून हसले, म्हणले "भैय्या, पाइप फुटला तर ट्यूबची पट्टी गुंडाळून घंट्याभरात चालू करतो मी, डीपी जळली की आठ-आठ दिस कोण इचारतंय?" डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, विहिरीवरची पाण्याची मोटर त्याच्यावरच चालते.

माझीच चूक होती (अन् क्वालिटीवाला म्हणवतो!), वेळा मोजल्या, दिवस मोजलेच नाहीत. परत बसलो. १२० दिवसांत ५४ दिवस पाणी नव्हतं, त्यात डीपी जळाली फक्त ३ वेळा पण ३१ दिवस गेले, मोटर जळाली ४ वेळा त्यात १२ दिवस, अन् १९ वेळा फुटलेल्या पाइपानं मिळून ७ च, बाकी किरकोळ ४. म्हणजे ५४ पैकी ४३ दिवस, जवळपास ८० टक्के, डीपी अन् मोटरीनं खाल्ले. मोटरही जळते ती कमी व्होल्टेजनंच, कारण उन्हाळ्यात त्याच डीपीवर शेतातल्या सगळ्या मोटरी चालू असतात. फुटलेला पाइप रस्त्यावर दिसतो, चिखल होतो, गाड्या घसरतात, म्हणून बोंब त्याचीच होते.

तुमच्या पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या गावाची पाण्याची बातमी असते, त्यात एकदा छापा की ज्यांच्याकडं अशी वही आहे त्यांनी दिवस मोजावेत. आम्ही विहिरीला वेगळी डीपी द्या म्हणून अर्ज दिलाय. पाइपलाइनचं इस्टिमेट मात्र अगोदरच तयार होतं, ते अजून कुणी मागं घेतलेलं नाही.

— एक वाचक, ता. अंबड, जि. जालना