जॅक चार्ल्टन यांची कारकीर्द आणि लहान मुलांचे हेडर

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

१९६६च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना ३० जुलै रोजी वेम्ब्लीवर झाला, त्याला यंदा ६० वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने आपल्या दैनिकात इंग्लंडच्या त्या संघाविषयी लिहून येईल, तेव्हा जेफ हर्स्ट यांचे तीन गोल आणि बॉबी मूर यांचे कर्णधारपद यांना जागा मिळेलच. माझी विनंती एवढीच की, त्या संघात पाच क्रमांकाची जर्सी घालून मूर यांच्या शेजारी उभे राहिलेले बचावपटू जॅक चार्ल्टन यांची कारकीर्दही या वेळी पूर्ण सांगितली जावी. त्यांनी जिंकलेल्या चषकांसह आणि अखेरच्या काळात त्यांना ग्रासणाऱ्या स्मृतिभ्रंशासह. या विनंतीचा संबंध मुंबईतील लहान मुलांना सरावात शिकवल्या जाणाऱ्या हेडरशी, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याशी आहे, म्हणून पत्र लांबले तरी ते छापावे.

मी स्वतः स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारा खेळाडू होतो. आता त्या जागेला ‘सेंटर बॅक’ म्हणतात. लालबागच्या चाळीत वाढलो आणि १९७०च्या दशकात एका कचेरीच्या संघाकडून मुंबईच्या हारवूड लीग या फुटबॉल स्पर्धेत खेळलो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की आमचा मोसम सुरू होई. समोरच्या गोलरक्षकाने लांब मारलेला चेंडू पहिल्यांदा कपाळावर घ्यायचा तो स्टॉपरने, हे न सांगताही ठरलेले असे. चामड्याचा चेंडू चिखलपाण्याने जड होई, कपाळावर शिवणीचे वळ उठत, आणि सामना संपल्यावर काही वेळ डोळ्यांसमोर काजवे चमकत राहत. त्याला आम्ही दुखापत मानत नव्हतो. त्या वयात एका परदेशी खेळाडूचे छायाचित्र मी मासिकातून कापून ट्रंकेत जपून ठेवले होते, ते जॅक चार्ल्टन यांचे: सहा फुटांहून उंच, लांब मानेचे, चेंडूकडे चेहरा उंचावून उडी घेतलेले.

चार्ल्टन यांचा जन्म ८ मे १९३५ रोजी इंग्लंडच्या ईशान्येकडील ॲशिंग्टन या कोळसा खाणींच्या गावात झाला. वडील खाणकामगार होते. घरात फुटबॉल आला तो आजोळाकडून. आई मिलबर्न घराण्यातली, तिचे चार भाऊ व्यावसायिक फुटबॉलपटू होते आणि न्यूकॅसल युनायटेडचे ख्यातनाम सेंटर फॉरवर्ड जॅकी मिलबर्न तिचे चुलतभाऊ. दोन वर्षांनी धाकटे असलेले भाऊ बॉबी लहानपणापासूनच असामान्य म्हणून ओळखले जात. थोरल्याकडून कोणाची तशी अपेक्षा नव्हती. १५व्या वर्षी लीड्स युनायटेड या क्लबने चाचणीसाठी बोलावले, तेव्हा जॅक यांनी नकार दिला आणि ते वडिलांच्या पाठोपाठ खाणीत उतरले. जमिनीखालचे ते आयुष्य प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र त्यांनी लवकरच राजीनामा दिला व पोलिसात भरती होण्यासाठी अर्ज केला. मुलाखत आणि लीड्सचा चाचणी सामना एकाच दिवशी आले. ते सामन्याला गेले. लालबाग-परळच्या जुन्या वाचकांना हा पेच समजावून सांगण्याची गरज नाही. गिरणीत बदली कामगार म्हणून नाव घालावे, पोलीस भरतीच्या रांगेत उभे राहावे की मैदानावर जावे, हा प्रश्न आमच्या पिढीतील कितीतरी मुलांपुढे होता.

एप्रिल १९५३मध्ये डॉन्कास्टर रोव्हर्सविरुद्ध ते लीड्सकडून पहिला सामना खेळले. मध्ये दोन वर्षे सक्तीच्या सैनिकी सेवेत गेली. लीड्स १९५६मध्ये पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागात चढले आणि १९६०मध्ये पुन्हा खाली घसरले. त्या काळातील चार्ल्टन हट्टी, वाद घालणारे आणि बेशिस्त खेळाडू म्हणून ओळखले जात. १९६१मध्ये डॉन रेव्ही यांच्याकडे संघाची सूत्रे आली आणि पुढच्या काही वर्षांत हाच माणूस बचावफळीचा आधारस्तंभ झाला. पंचविशी ओलांडलेल्या खेळाडूने आपला खेळ आणि स्वभाव दोन्ही नव्याने घडवावेत, ही गोष्ट मला त्यांच्या साऱ्या पदकांपेक्षा मोठी वाटते. लीड्स १९६४मध्ये वरच्या विभागात परतले आणि पुढे १९६८चा लीग चषक, १९६९चे लीग विजेतेपद, १९७२चा एफए चषक तसेच १९६८ आणि १९७१ असे दोनदा फेअर्स चषक (तेव्हाची युरोपीय क्लबांची स्पर्धा) त्यांनी जिंकले. १९७३मध्ये निवृत्त होईपर्यंत चार्ल्टन यांनी एकाच क्लबसाठी ७७३ सामने खेळले होते.

इंग्लंडकडून त्यांना पहिली संधी मिळाली ती १० एप्रिल १९६५ रोजी, वेम्ब्लीवर स्कॉटलंडविरुद्ध. तिशी पूर्ण व्हायला तेव्हा एकच महिना उरला होता. त्यानंतर पंधरा-सोळा महिन्यांतच ते जगज्जेत्या संघाचे सदस्य झाले. उपान्त्य सामन्यात पोर्तुगालविरुद्ध त्यांचा हात चेंडूला लागला आणि त्या पेनल्टीवर युसेबिओ यांनी गोल केला, तरी इंग्लंडने तो सामना २-१ असा जिंकला. अंतिम सामन्यात इंग्लंड २-१ने पुढे असताना अगदी शेवटच्या क्षणी एका उंच चेंडूवर हेडर मारण्यासाठी त्यांनी उडी घेतली, पंचांनी फाउल दिला आणि त्या फ्री किकवर पश्चिम जर्मनीने बरोबरी साधली. जादा वेळेत सामना ४-२ असा संपला, तेव्हा चार्ल्टन मैदानावर गुडघे टेकून बसले. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी त्यांना वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले. आयर्लंडचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९८८मध्ये इंग्लंडलाच हरवले आणि १९९०मध्ये त्या छोट्या देशाला विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व फेरीत नेले, तो इतिहास अनेकांना ठाऊक आहे.

१० जुलै २०२० रोजी, ८५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांना कर्करोग झाला होता आणि त्याच्या जोडीला स्मृतिभ्रंशही होता. १९६६च्या त्याच अकरा जणांपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि पुढे बॉबी चार्ल्टन यांनाही स्मृतिभ्रंशाने गाठले. अकरांपैकी पाच, हा आकडा वाचला त्या दिवशी मी ट्रंकेतले ते छायाचित्र पुन्हा काढून पाहिले.

अकरा माणसांवरून निष्कर्ष काढू नये, असे कोणी म्हणेल आणि ते योग्यच आहे. म्हणून मोठा अभ्यास पाहावा. ग्लासगो विद्यापीठातील डॉ. विली स्ट्युअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी सुमारे २३,००० सामान्य नागरिकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि २०१९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंदूचा ऱ्हास करणाऱ्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट होते. त्याच अभ्यासाचा पुढचा भाग २०२१मध्ये आला, तो बचावपटूंनी आणि बचावपटूंच्या आईवडिलांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. असे आजार होण्याचा धोका गोलरक्षकांमध्ये सामान्य लोकांइतकाच होता, तर बचावपटूंमध्ये तो जवळपास पाच पट होता. मैदान, हवा आणि आहार सारखेच असलेल्या या दोन प्रकारच्या खेळाडूंत ठळक फरक दिसतो तो चेंडू डोक्यावर घेण्याचा. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो आणि चेंडूच्या प्रत्येक धडकेने तो हलतो. एका हेडरने काही बिघडल्याचे जाणवत नाही, मात्र एका कारकिर्दीत सामने आणि सराव मिळून असे हजारो धक्के साठत जातात.

इंग्लंडचेच एक फॉरवर्ड जेफ ॲस्टल २००२मध्ये ५९व्या वर्षी स्मृतिभ्रंशाने गेले, तेव्हा कोरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूचे कारण व्यवसायजन्य आजार असे नोंदवले. हे शब्द वाचताना मला माझे वडील आठवले. ते गिरणीच्या कार्डिंग खात्यात होते. कापसाचे तंतू छातीत साठून कामगारांना जो खोकला जडे, त्याला घरात वर्षानुवर्षे साधा खोकलाच म्हटले गेले. डॉक्टरांनी त्याला आजाराचे नाव दिले, तेव्हा त्यांच्या नोकरीची वर्षे संपत आली होती. खेळाडूच्या डोक्याविषयी तरी आपण इतका उशीर करू नये.

मी फुटबॉलचा विरोधक नाही. या खेळाने मला नोकरी दिली, मित्र दिले आणि आजही चालते पाय दिले. ग्लासगोच्या त्याच अभ्यासात असेही आढळले की माजी खेळाडूंमध्ये हृदयविकाराने आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू इतरांपेक्षा कमी होते. मुलांनी खेळायलाच हवे. माझे म्हणणे फक्त लहान वयातील हेडरच्या सरावापुरते आहे.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने फेब्रुवारी २०२०मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना सरावात हेडर शिकवू नये, अशी सूचना काढली. पुढे ११ वर्षांखालील मुलांच्या सामन्यांतूनही मुद्दाम मारलेला हेडर टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे ठरले. प्रौढ खेळाडूंनाही आठवड्याच्या सरावात जोरदार हेडर दहापेक्षा जास्त नकोत, असे २०२१मध्ये सांगण्यात आले. अमेरिकेने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे हेडर २०१५मध्येच थांबवले होते. मुलांची मान कोवळी असते आणि शरीराच्या मानाने डोके मोठे असते, त्यामुळे धक्का पेलण्याची ताकद त्यांच्यात कमी असते, हे समजायला मोठ्या शास्त्राची गरज नाही. तान्ह्या बाळाला उचलताना आपल्या घरातील प्रत्येक आजी मानेखाली हात घालते.

आता आपल्याकडचे दृश्य सांगतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या नातवाला घेऊन उपनगरातील एका प्रशिक्षण वर्गात गेलो होतो. तिथे आठ-नऊ वर्षांची पंधरा-वीस मुले ओळीने उभी होती आणि प्रशिक्षक एकेकाच्या डोक्यावर चेंडू फेकत होते. चेंडू मोठ्या माणसांचा, पाच नंबरचा, टम्म फुगवलेला आणि चिखलाने माखलेला. डोळे मिटणाऱ्या मुलाला रांगेच्या शेवटी पाठवून पुन्हा तेच करायला लावले जात होते. एक मुलगा डोके धरून खाली बसला, तेव्हा कडेला उभ्या पालकांनी टाळ्या वाजवून त्याला उठवले. त्या टाळ्यांमागे माया होती, हे मी जाणतो आणि म्हणूनच मला अधिक भीती वाटली. सराव संपल्यावर मी प्रशिक्षकांशी बोललो. ते तरुण, मेहनती आणि आदराने वागणारे होते. ते म्हणाले, “काका, आत्ता हेडर शिकवला नाही तर निवडीच्या वेळी आमची मुले मागे पडतात.”

त्यांच्या या काळजीचे उत्तर मला चार्ल्टन यांच्या कारकिर्दीतच दिसते. ज्या माणसाने १५व्या वर्षी चाचणीला नकार दिला, पंचविशीनंतर आपला खेळ नव्याने घडवला आणि जवळजवळ तिसाव्या वर्षी देशाची जर्सी घातली, तो आपल्या काळातील उत्तम स्टॉपरांपैकी एक ठरला. बचावपटू उशिरा पिकतो. चेंडू कुठे पडणार याचा अंदाज, शेजारच्या साथीदाराला वेळेवर दिलेली हाक, पुढे जावे की थांबावे याची जाण, हे त्याचे खरे शिक्षण आहे आणि त्यातले काहीही डोक्याला चेंडू न लावता नवव्या वर्षी शिकवता येते. उडीची वेळ साधणेसुद्धा फुग्याने किंवा स्पंजच्या हलक्या चेंडूने शिकवता येते. बारा वर्षांनंतर, मान बळकट करण्याच्या व्यायामासह, थोडा थोडा हेडर शिकवला तर कोणत्याही मुलाची संधी जाणार नाही.

मात्र एकट्या प्रशिक्षकाने हे करावे, असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण स्पर्धेत हेडर चालत असेल तर त्याची मुले खरोखरच मागे पडतील. म्हणून नियम सर्वांना एकच हवा. मुंबईत शालेय स्पर्धा भरवणाऱ्या संघटनांनी बारा वर्षांखालील गटांत मुद्दाम मारलेल्या हेडरवर प्रतिस्पर्ध्याला अप्रत्यक्ष फ्री किक द्यावी, या गटांसाठी लहान, चार नंबरचाच चेंडू ठेवावा आणि मुलाच्या डोक्याला मार लागला तर त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये. यासाठी पैसा किंवा मोठी यंत्रणा लागत नाही. पालकांनी वर्गाचे शुल्क भरण्याआधी हेडरचा सराव कितव्या वर्षापासून घेतला जातो, एवढे विचारावे. आपल्या दैनिकाने उन्हाळी आणि पावसाळी शिबिरांची माहिती छापताना हाच प्रश्न शिबिर भरवणाऱ्यांना विचारला, तर पुष्कळ काम होईल.

कोणत्याही शाळेला आपल्या क्रीडाशिक्षकांसमोर हा विषय मांडून हवा असल्यास मी स्वखर्चाने येण्यास तयार आहे. चेंडू डोक्यावर न घेता बचाव कसा शिकवावा, याचे तासाभराचे प्रात्यक्षिकही मी देऊ शकेन. फुगे मी घेऊन येईन.

आपला नम्र,
एक जुना स्टॉपर
लालबाग, मुंबई