मंदाने रिक्वेस्ट स्वीकारली

प्रिय शैला,

आम्ही दोघं बरे आहोत. माझी बीपीची गोळी चालू, यांचा खोकला थांबला. तब्येतीचं एवढं पुरे.

मी फेसबुकवर आले. लगेच 'सांगितलं नव्हतं का' म्हणू नकोस. २००६ पासून ते सगळ्यांना खुलं आहे, तू पहिल्या घाण्यातली, आणि मी यंदा, सुनेने नवा फोन दिला म्हणून. पण ऑर्कुटच्या वेळी तू माझं किती डोकं खाल्लं होतंस! मी 'बघू, बघू' म्हणत राहिले आणि २०१४ च्या सप्टेंबरात ते बंदच झालं. त्या वादात मी जिंकले, हे एकदा लेखी दे.

आता खरं ते सांगते. खातं उघडल्यावर ओळखीच्या माणसांची यादी आली, त्यात आधी तू आणि तुझ्याखाली मंदा. अबोली साडीतली, गुहागरला व्याडेश्वराच्या देवळाबाहेर काढलेला फोटो. आत गेले तर बाकीचे फोटो फक्त तिच्या मित्रमैत्रिणींना दिसणारे. मला ते बघायचे होते, म्हणून मी रिक्वेस्ट पाठवली. कोण स्वीकारणार, हा विचार केलाच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोनवर आलं, मंदाने रिक्वेस्ट स्वीकारली. शैला, मी ओट्याशी उभी होते. गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसले.

चिपळूणला फोन लावला. शरदराव म्हणाले, "हो ताई, मीच घेतलं तुम्हाला. ती असती तर तिनेही घेतलंच असतं." दिवाबत्ती झाली की ते रोज तिचा टॅब घेऊन बसतात. फोटो बघतात, तिने कुणाला काय लिहिलं होतं ते वाचतात. ती मे २०२१ मध्ये गेली आणि २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, हे तुला ठाऊक आहे. पण अल्बमचं मला आत्ता कळलं. तळमजल्यावरच्या कपाटातले सगळे गेले, लग्नाचे, केदारच्या बारशाचे, आपल्या गोगटे कॉलेजच्या गॅदरिंगचेसुद्धा. चिखलात एकमेकांना चिकटलेले पुठ्ठे तेवढे हाती आले. तिने फेसबुकवर चढवले होते तेवढेच फोटो आता आहेत.

आणि दुसरी बाजू ऐक. तिच्या वाढदिवसाला बागकामाच्या ग्रुपातल्या बायका अजून लिहितात, "मंदाताई, उदंड आयुष्य लाभो." त्या बिचाऱ्यांना कुणी कळवलंच नाही. शरदराव प्रत्येकीला अंगठा देतात. केदारला कॅनडात आईच्या नावाने हे सगळं दिसतं आणि त्याला ते सहन होत नाही. तो म्हणतो, खातं आता मिटवू या. मला त्याचंही पटतं गं. आईच्या नावाचा अंगठा अचानक समोर आला तर त्या पोराच्या पोटात काय होत असेल!

मी सुनेला बसवून सगळे नियम वाचून घेतले. माणूस गेल्याचा पुरावा पाठवला की नावाशी 'रिमेंबरिंग' लागतं, वाढदिवसाच्या सूचना थांबतात, फोटो राहतात. पण त्यानंतर खात्यात कुणालाच शिरता येत नाही, पासवर्ड असला तरी. म्हणजे शरदरावांना बाहेरच बसावं लागणार. घरच्यांनी मागितलं तर खातं पूर्ण पुसूनही टाकतात, आणि केदारच्या मनात दोन्हींतलं कुठलं आहे ते तो बापाला नीट सांगत नाही.

म्हणून तुला विचारते. फेसबुक तिला तूच शिकवलंस. आपल्यामागे खातं कुणी बघायचं, ते नाव आधीच देता येतं, लेगसी कॉन्टॅक्ट म्हणतात. तिने तुझं दिलं होतं का? तसा मेसेज आला होता का, शोध. तिने दिलं असेल तर तुझंच असणार. गॅदरिंगच्या नाटकात मॅडमना नाव सुचवायचं आलं तेव्हाही तिने माझं सोडून तुझंच सुचवलं होतं, आणि राणीचा तो मुकुट तुला शेवटपर्यंत ढिला होत होता! नाव तुझं असेल तर पुढे नव्या रिक्वेस्ट तुला स्वीकारता येतील, तिच्या पानावर वर दिसेल असं चार ओळींचं लिहिता येईल. मेसेज मात्र तुलाही वाचता येणार नाहीत.

माझं म्हणणं, घाई नको. आधी सगळ्या खात्याची प्रत उतरवून घ्यायची, तशी सोय आहे. मेसेजही त्यात येतात. मग शरदरावांना स्वतःचं खातं काढून द्यायचं आणि मंदाच्या खात्यातून त्यांना जोडून घ्यायचं. त्या बायकांना शरदरावांनी स्वतःच्या नावाने कळवायचं. एवढं झाल्यावर केदारने 'रिमेंबरिंग' लावावं. पुसायचं मात्र नाही, त्याला मी हटून बसणार. चिपळूणला मी जाते, एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलं? नातवाची मुंज वैशाखात असेल तर आत्ताच तारीख कळव, आरक्षण मिळत नाही. सिंगापूरचे फोटो पाहिले, टोपी शोभते तुला.

केदार माझं ऐकणार नाही, शैलामावशीचं ऐकतो. तिकडे सकाळ असेल तेव्हा त्याला फोन कर, आणि त्याने अर्ज पाठवायच्या आत कर.

तुझी,
सुनंदा